पोटाच्या गोळ्या

"हिने घेतलं तरी काय?" मुलीची पापणी उचलून बघत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाबांच्या पोटाच्या गोळ्या," मुलगी जड जिभेने म्हणाली. "दोनच. नेहमीची कळ थांबेना म्हणून."

तिचा शिंपी बाप पुढे झाला. निरोप मिळाला तसा तो दुकानातून धावत सुटला होता, मापाची टेप अजून गळ्यातच होती. ॲसिडिटीच्या बाटलीत त्याने भलत्याच गोळ्या भरून ठेवल्या होत्या, लेकीला कळू नये म्हणून. अतिशहाणा तो!

"काका, पोटाच्या गोळीने माणूस असा पेंगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय होतं त्यात? लवकर सांगा."

आजवर त्याने बायकोशिवाय कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि ती बिचारी ते पोटात ठेवूनच गेली. त्याने लेकीकडे पाहिलं. तिची मान एका बाजूला कलली होती.

"मनाच्या आहेत," तो म्हणाला. "माझ्या. उदास वाटतं, त्यावरच्या." आणि औषधाचं नावही त्याने सांगून टाकलं.

डॉक्टरबाईंचा चेहरा सैलावला. "दोनच ना? मग घाबरू नका, झोप काढेल. तरी आज इथेच लक्ष ठेवू. अहो, हेच औषध थोड्या मात्रेत पोटाच्या अशा दुखण्यावरही देतात. पोटाचे काही आजार आणि मनाचे काही आजार, रक्तातच एकमेकांत गुंतलेले असतात. एकाच घरात दोन्ही निघतात ते कधीकधी त्यामुळेच."

"म्हणजे खाण तशी माती," शिंपी पुटपुटला. "माझंच हिला लागलं."

आजवर तो पोरीलाच बोल लावत आला होता. वेळेवर जेवत नाहीस, जागरणं करतेस, अरबट-चरबट खातेस. ती ऐकून घ्यायची आणि पोट दाबून कामाला जायची.

मुलीने मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

"बाबा, मला वाटायचं, आपल्या घरात दुखणाईत मी एकटीच."

तो खाटेशी उभाच होता. तेव्हा तिने पाय पोटाशी घेतले आणि त्या अरुंद खाटेवर त्याच्यापुरती जागा केली.