न मावलेला शब्द

“दोन्ही गोळ्या एकदम कशा घेतल्या?” डॉक्टरांनी विचारलं. आईनं बाबांचा फोन पुढे केला. “आमच्या लेकीनंच लिहून दिलंय, बघा.” लेक शेजारीच उभी होती. गोळ्यांच्या वेळा सांगणारं ते अ‍ॅप तिनं बाबांसाठी बनवलं होतं: प्रत्येक सूचनेचं एक कार्ड, गोल कोपरे, मोजून दोन ओळी. तिच्या फोनवर सगळं मावत होतं. बाबांना दिसावं म्हणून त्यांच्या फोनवर मात्र तिनंच अक्षरं मोठी केली होती. कार्डावर लिहिलं होतं, ‘या दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या’. शेवटचा ‘नाहीत’ तिसऱ्या ओळीत जाऊन कापला गेला होता. डॉक्टर आत गेले. बाबांचा श्वास आता यंत्रावर होता. “मी म्हटलं होतं गं, डॉक्टर नको म्हणालेत,” आई पुटपुटली. “तर तुझे बाबा मलाच म्हणाले, ‘तुझे कान गेलेत, लेक चुकायची नाही.’”