गेस्टची नजर

आर्किटेक्टच्या ऑफिसात सतरा वर्षं नकाशे काढणाऱ्या अण्णांच्या पोटात हल्ली एकाच गोष्टीमुळे दुखायचं, ती म्हणजे गेस्ट. बाहेरच्या सल्लागारांना सॉफ्टवेअरमध्ये गेस्ट म्हणून जोडायचं आणि नकाशांचे फोल्डर उघडून द्यायचे, हे काम नेमकं अण्णांकडेच. त्या गेस्टने एका ओळीची कॉमेंट टाकली, की साहेब ती देववाणी असल्यासारखी मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे. आणि अण्णांनी "साहेब, दवाखान्याच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकेल," असं तीनदा सांगितलं, तर साहेबांनी मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

चौथ्यांदा अण्णांनी तोंड उघडलंच नाही. जळफळत त्यांनी भलत्याच नावाचा एक गेस्ट जोडला, त्याला दवाखान्याचा फोल्डर उघडून दिला आणि त्याच्या नावाने तेच वाक्य टाकलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब खुर्चीतून उठलेच. "याला म्हणतात नजर! आपल्यापैकी एकाला तरी दिसलं का हे?"

अण्णा मिशीतल्या मिशीत हसले. मीटिंग संपल्यावर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.



"अण्णा, त्या माणसाला आपण कायमचं घेतोय, तुमच्या जागेवर. त्याला सगळे फोल्डर उघडून द्या, आणि जाताना तुमचा ॲक्सेस तेवढा बंद करून जा."