अकरावी घडी

मावशीला पहिली नात झाली त्या वर्षीची गोष्ट. नात आठ दिवसांची होती, आणि परदेशी कंपनीची माणसं कारखाना पाहायला आली. त्यांनी पैसे घातले तर नवी इमारत, नवी यंत्रं. नाहीतर वर्षअखेर कुलूप. तीनशे बायकांना हे ठाऊक होतं. मावशी त्यांतलीच एक; तिचा मुलगाही तिथेच खोकी उचलायचा.

कारखाना गॉजचा, म्हणजे ऑपरेशनात रक्त टिपायच्या जाळीदार कापडाचा. एका पाकिटात दहा घड्या. पोट शिवण्याआधी डॉक्टर दहा मोजून बाहेर काढतो. अकरावी असली तर ती आत राहते. म्हणून छताला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा घंटेसारखा टांगला होता. जिची मोजणी चुकेल तिने उठून तो वाजवायचा, मग सगळ्यांनी काम थांबवून तिची तासाभरातली पाकिटं फोडायची आणि पुन्हा मोजायची. वाजवणारीला कुणी एक शब्द बोलायचा नाही, असा तिथला रिवाज.

त्या सकाळी मालकांनी रूळ वाजवायची सळई कपाटात ठेवून दिली. "आजच्या दिवस सांभाळा गं बायांनो," एवढंच म्हणाले.

पाहुणे आत आले. पुढे पांढऱ्या केसांची उंच बाई, मागे दुभाषा. मावशीने मान वळवून पाहिलं. क्षणभरच. हात चालूच होते. पाकीट बंद होऊन पुढे गेलं आणि तिच्या मनात आलं, आपण सात एकदा म्हटलं की दोनदा?

ती उठली.

"मावशी, बसा खाली," शेजारची कुजबुजली. "सगळ्यांच्या पोटावर पाय द्याल."

"आणि कुणाच्या पोटात राहिलं म्हणजे?"

सळई जागेवर नव्हती. मावशीने जेवणाचा डबा उचलला आणि रुळावर हाणला. डब्याला पोचा आला. तीनशे जणींचे हात थांबले.

परदेशी बाईने काही विचारलं. दुभाषा म्हणाला, "हे किती वेळा वाजतं?"

"छे छे! आज पहिल्यांदाच," मालक घाम पुसत म्हणाले.

"काय साहेब, काल दोनदा वाजला की," मावशी म्हणाली. "एकदा तर माझ्याच हातून."

दुभाष्याने तेही बाईला सांगितलं. पाकिटं फोडायला सुरुवात झाली. बाईने हातमोजे चढवले, स्टूल ओढलं आणि तीही मोजायला बसली. चौतिसावं पाकीट तिच्या वाट्याला आलं. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि एक घडी वर धरली.

"अकरा," मावशी म्हणाली.

बाई बराच वेळ बोलली. दुभाष्याने थोडक्यात सांगितलं, "या देशात सहा कारखाने पाहिले म्हणतात. यांच्यासमोर कुठेच कुणाचं काही चुकलं नाही. म्हणून कुठेच सही केली नाही." मग हसून म्हणाला, "आज पेन काढलंय."

वर्ष संपता संपता सुपरवायझरने जेवणाच्या सुट्टीत पेपर वाचून दाखवला. यंदा परदेशातून आलेली गुंतवणूक देशाच्या उत्पन्नाच्या शंभराला तीन. "त्या तीनात आपणही आहोत, मावशी!"

बायकांनी डबे बडवले. पोचा पडलेल्या डब्यातून घास घेत मावशी म्हणाली, "तीनच ना नक्की? फोडून मोजा म्हणावं."

नव्या इमारतीत रूळ मालकांनी स्वतः टांगला. सळई साखळीने बांधली.

मावशी नातीच्या सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वारली. मंगळवार होता; कारखान्यात रूळ वाजला, पाकिटं फोडली गेली, पुन्हा मोजली गेली.