हातातलं पुस्तक

धोंडबा एका वेळी चार-पाच पुस्तकं वाचायचे. एक उशाशी, एक झोपाळ्यावर, एक तर चक्क स्कूटरच्या डिकीत. "आधी हातातलं संपवा, मंग दुसरं उघडा," असं प्रेमिला चाळीस वर्षं त्यांच्या कानीकपाळी ओरडत आली.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी औषधं थांबवली आणि त्यांना घरी न्यायला सांगितलं. तेव्हापासून धोंडबा एकेक पुस्तक शेवटपर्यंत वाचून कपाटात ठेवू लागले. नवं एकही उघडेनात.

"काहून हो?" तिनं विचारलं.

"अर्धवट सोडून जाणं बरं नाही वं."

आज शेवटच्या पुस्तकाची दहाच पानं उरली होती. प्रेमिला कुणाला न सांगता बर्डीच्या बाजारात गेली आणि भर उन्हाची घामाघूम होऊन परतली. त्यांच्या हातातलं पुस्तक तिनं काढून घेतलं आणि मांडीवर एक भलंमोठं पुस्तक ठेवलं.

"ते राहू द्या. आता हे सुरू करा."

धोंडबांनी चष्मा सावरून कव्हर पाहिलं. "अवं, हे तं वकिलीच्या परीक्षेचं आहे!"

"मले काय माईत? दुकानदाराले म्हटलं, सगळ्यात जाडं दे."