बारा ट्रे

चंद्रप्रकाश सरांनी तिसरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि श्वास रोखून डोळा लावला. हीही तशीच. शेकडो सूत्रकृमी, केसाहून बारीक, कुणी सुयांची डबी सांडावी तसे सरळ पडलेले. एकही हलत नव्हता.

समोरच्या भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरातला कागद होता : ‘वळवळतो तो जिवंत. सरळ पडला तो मेला.’ गेली दोन वर्षं दर सोमवारी ते हेच मोजत आले होते. त्यांची सही झाल्याशिवाय अंधेरीच्या त्या गाळ्यातून एकही खोका बाहेर जात नसे. हा नियम श्वेतानेच केला होता. एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता या छोट्या कंपनीची मालकीण.

चार वाजता टेम्पो यायचा होता. वाडा तालुक्यातल्या एका दूध संघाची कुरणं हुमणीने पोखरली होती. ही जाड, पांढरी अळी मातीखाली बसून गवताची मुळं खाते. वरून हिरवंगार दिसणारं गवत हाताने उचललं, तर सतरंजीसारखं गुंडाळून येतं. सूत्रकृमी मातीत शिरून त्या अळीला गाठतात आणि दोन दिवसांत तिचा निकाल लावतात. गुरांना त्याचा काही त्रास नाही. पण हे जमतं ते अळी लहान आहे तोवरच. अजून तीन आठवडे गेले, की ती कशालाच दाद देणार नव्हती. आणि नवे सूत्रकृमी वाढवायला नेमके तेवढेच दिवस लागत.

"झालं का सर?" श्वेता दारातून डोकावली.

"श्वेता, हे मेलेत."

"नाही हो!" ती हसली. सरांना ते हसणं आवडलं नाही. "या वेळचे जरा वेगळे..."

"वेगळे म्हणजे काय? शुक्रवारी फ्रीज बंद पडला होता ना?"

"तासभरच. त्याने काही होत नाही. ते नुसते शांत..."

"शांत!" सरांनी चष्मा काढला. "आठवीत एकदा मेलेलं फुलपाखरू घेऊन आली होतीस. म्हणे, झोपलंय. आठवतं?"

"आठवतं ना. तेव्हाही तुम्ही मला पुढे बोलू दिलं नव्हतं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती बाहेर पॅसेजमध्ये गेली, पण दार नीट लागलं नाही.

"नाही रे सुबोध, सरांना काहीच सांगितलं नाहीये. आधी सही होऊ दे, मग कळू दे... हो, मीच येते लेबलं घ्यायला. आणि ऐक, चुकलेली जुनी लेबलं फाडून टाक. एक पण त्यांना दिसता कामा नये."

सुबोध कंपनीची विक्री बघायचा. म्हणजे दोघंही यात होते.

श्वेता पर्स उचलायला आत आली. "सर, खाली प्रेसमध्ये जाऊन येते. दहा मिनिटं. तेवढ्यात सही करून ठेवा ना, प्लीज. आल्यावर सगळं सांगते."

"मेलेल्यांवर सही करू?"

"माझ्यावर विश्वास ठेवा की यार सर," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सर खुर्चीत बसून राहिले. गेल्या वर्षी दोघं बोटीने गोराईला गेले होते. तिथल्या मंजुळाबाई नावाच्या एका बाईंच्या गवताळ पडीक जागेत सरांनी स्वतः खुरप्याने माती उकरली होती आणि विटकरी रंगाची एक मेलेली हुमणी शोधून काढली होती. ‘हिला कुणीतरी आतून मारलंय,’ ते म्हणाले होते. ती अळी त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातून अंधेरीला आणली. तेव्हा श्वेताने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे त्या अळीचं काय झालं, असं विचारलं, की ‘चालू आहे सर’ एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. लपवाछपवी तेव्हापासूनच असणार.

सही केली नाही, तरी खोके जातील. पेन तिच्याकडेही होतं. संघाची माणसं मेलेल्या किड्यांचं पाणी भरवशाने कुरणावर फवारतील आणि गवत डोळ्यांदेखत जाईल. पोर एकदा असं वागली, की पुढच्या वेळी तिला काहीच वाटणार नाही.

त्यांनी आणखी एक पट्टी बघितली. सरळ. सुईने डिवचून बघायचीही गरज नव्हती.

ते उठले. किटली लावली. खराब माल सिंकमध्ये, आणि वरून उकळतं पाणी. हाही नियम त्यांचाच. एकेक ट्रे उचलून त्यांनी ओतला. बारावा, पुढची पैदास ज्यातून करायची तो, वेगळा ठेवलेला होता, त्यावर श्वेताने ‘बी’ असं लिहिलं होतं. सर क्षणभर थांबले. त्यातला एक थेंब त्यांनी नियमाप्रमाणे तपासला. तेही सरळ. तोही ओतला. खोलीभर वाफ झाली.

श्वेता धापा टाकत वर आली. काखेत खाकी कागदातलं बंडल, चेहरा फुललेला. तिने सिंककडे पाहिलं. मग पालथ्या घातलेल्या ट्रेंकडे.

"सगळे?"

"बाराच्या बारा."

"बीसुद्धा?"

"आज तुला राग येईल. पण तुझं नाव वाचलं, श्वेता. पुढे कधीतरी म्हणशील, सरांनी बरं केलं."

बंडल तिने हळूच टेबलावर ठेवलं आणि वरचा कागद बाजूला केला. सरांनी चष्मा चढवला. ताज्या शाईचं पहिलं लेबल त्यांच्याकडे तोंड करून होतं :

‘नवी जात : चंद्रप्रकाश. मूळ : गोराईची माती. हे सूत्रकृमी अळीची चाहूल लागेपर्यंत सुईसारखे सरळ, निश्चल पडून राहतात. मेलेले समजून फेकू नयेत.’