दोन ग्रॅमचं ओझं

शर्वाणीने वजनकाट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकावरचं सुरय पक्ष्याचं ते पिल्लू एका दिवसात सहा ग्रॅमनी घटलं होतं.

"बाये, डबो तसोच आसा," होडीतून तांडेल ओरडला. "लेकुरवाळीन उपाशी रवान चलणा नाय!"

तिचं लक्ष नव्हतं. पिल्लू वाढवताना पक्षीण किती शक्ती खर्च करते, हे मोजायला तिनेच तीन दिवसांपूर्वी त्याच्या आईच्या पाठीवर यंत्र चिकटवलं होतं. फक्त दोन ग्रॅमचं. सात दिवस हात लावायचा नाही, असं तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. पण ओझ्याने दमलेली सुरय आधी स्वतःपुरतं खाते. पिल्लू काय, पुढच्या वर्षीही होतं. पुस्तकात हे वाचताना शर्वाणीला काहीच वाटलं नव्हतं. तेव्हा तिला बाळ नव्हतं.

सुरय रिकाम्या चोचीने खडकावर उतरली, तसं शर्वाणीने जाळं टाकलं आणि यंत्र सोडवलं. आता सरांची बोलणी पक्की. हात सैल होताच सुरय समुद्रावर दिसेनाशी झाली. घाबरून कायमची गेली असेल तर?

"भरती लागली, बाये!"

"पाच मिनिटं, काका."

पाचाची वीस झाली. मग पांढरे पंख खाली आले. चोचीत मासळी होती. पिल्लाने ती अख्खी गिळली.

होडीत बसल्याबसल्या शर्वाणीने डबा उघडला.

"आता कशी भूक लागली?" तांडेल हसला.

"जरा जोरात हाका, काका," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "घरी एकजण उपाशी असेल."