टाचांचा आवाज

वोम्झा शहरातल्या या शाळेत मी शिकत होते, तेव्हा मुख्याध्यापिका बोगुमिलाबाईंच्या टाचा जिन्यावर टकटकल्या की आम्ही जीव मुठीत धरून बसायचो. यंदा त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. पहिल्याच दिवशी ठरवलं, काही झालं तरी आपली बोगुमिलाबाई होऊ द्यायची नाही. पोरं शाळेत घालतात तशाच मऊ लोकरी सपाता मीही पायात चढवल्या.

आज मधल्या सुट्टीत आठवीतली यागना मैत्रिणीशी कुजबुजत होती. मी कौतुकाने मागून जवळ गेले.



"बोगुमिलाबाई निदान वाजत तरी यायच्या गं! ही बया म्हणजे भूत आहे नुसतं. आत्तासुद्धा मागे उभी असेल!"